तऱ्हाळ्याची साक्ष

जुनी नाणी शोधणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक मत आता जवळजवळ सिद्धांतासारखं मानलं जातं. नाणं कोणतं आणि कचरा कोणता, हे मेटल डिटेक्टर सांगतो. पडद्यावर मोठा आकडा आणि कानात स्वच्छ, उंच सूर आला तर खणावं. आकडा लहान असेल, सूर तुटक असेल तर तो कचरा, पुढं जावं. ज्या वावरात असे गोंधळलेले आवाज फार येतात, ते वेळीच सोडावं. आणि वस्तू जितकी खोल, तितकी जुनी. वाशीम जिल्ह्यासारख्या मुलखात हे मत प्रमाण मानलं, तर या मातीतला सर्वांत मोलाचा पुरावा आपण आपल्याच हातानं टाकून देऊ, असं माझं म्हणणं आहे.

आधी पूर्वपक्षाला त्याचं देणं देऊ. हे मत हवेतून आलेलं नाही. यंत्राच्या वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, पुरलेल्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद किंचित उशिरा परत येतो. तो उशीर मोजून यंत्र आकडा ठरवतं. चांदी आणि शुद्ध तांबं वीज उत्तम वाहून नेतात, म्हणून त्यांचा आकडा वरचा येतो. राणीछाप रुपया किंवा जाडजूड तांब्याची शिवराई खरोखरच स्वच्छ बोलते. उलट औषधाच्या गोळ्यांचा चंदेरी कागद किंवा फवारणीच्या बाटलीच्या तोंडावरचा पापुद्रा खालच्या आकड्यात बोलतो, आणि लोखंड बहुधा त्याहूनही खाली. दिवसभर उन्हात यंत्र फिरवून मनगट भरून आलेल्या माणसाला पापुद्रे वेचायचे नसतील, तर त्याला दोष देता येत नाही.

पण आकडा धातूचं नाव सांगत नाही, हे इथं विसरलं जातं. तो विद्युत्वाहकता, आकार, जाडी आणि वस्तू जमिनीत कशी कलंडली आहे, या सगळ्यांचा मिळून एक हिशेब असतो. दोन अगदी वेगळ्या वस्तूंचा हिशेब एकच येऊ शकतो. बाटलीचं पत्र्याचं बूच लोखंडी असूनही त्याच्या सपाट गोल आकारामुळं अनेकदा नाण्यासारखं वाजतं. मोडलेल्या फाळाचा चपटा तुकडा उंच सुरात बोलून फसवतो. म्हणजे ज्या भेदाला यंत्राचा निवाडा म्हटलं जातं, तो खरं तर आपणच घातलेला पूर्वग्रह असतो. अमुक आकड्याखालचं ऐकू नको, असं यंत्राला आपण सांगतो, आणि मग त्याच्या गप्प राहण्याला पुरावा समजतो.

या पूर्वग्रहाची किंमत काय, याची साक्ष मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याची आहे. 1939 साली, हा भाग अकोला जिल्ह्यात असताना, तिथं सातवाहनांचा नाणेनिधी मिळाला. दीड हजारांच्या आसपास नाणी. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास करून पुढच्याच वर्षी तो भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात मांडला. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळं असलेला क्रूस. त्या नाण्यांतून गौतमीपुत्र सातकर्णीपासून उत्तरकालीन सातवाहनांपर्यंतची मालिका हाती आली आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे पुराणांच्या यादीत नसलेले राजेही उजेडात आले. सातवाहन सत्तेची अखेर कशी झाली, तेव्हा विदर्भ कोणाच्या हाती होता, या प्रश्नांची चर्चा तऱ्हाळ्याला टाळून करता येत नाही.

आणि ही नाणी कशाची होती? सोन्याची नव्हेत, चांदीचीही नव्हेत. ती पोटिनची, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची. तांब्यात कथील आणि शिसं मिसळलं की विद्युत्वाहकता झपाट्यानं घसरते. बोटाच्या पेराएवढं, वर गंज चढलेलं पोटिनचं एकटं नाणं आजच्या यंत्राखाली आलं, तर त्याचा आकडा ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांच्या आणि तुकड्यांच्या टोळीतच पडण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे ज्या नाण्यांनी राजांची नावं परत दिली, त्यांच्यासारखं एखादं वावरात सुटं सांडलेलं असेल, तर प्रचलित नियमानुसार ते कचरा ठरून मागं राहील.

यावर कोणी म्हणेल, मडकंभर नाणी एकत्र असतील तर यंत्र जोरात ओरडेलच. खरं आहे. पण तेवढा मोठा, पसरट आवाज आला की त्याच मंडळींचा आणखी एक नियम शिकवतो : डबा असेल, पत्रा असेल, सोडून द्या. पण पत्र्यातही इतिहास असतो. 1939 हेच वाशीमच्या वाकाटक ताम्रपटाच्या शोधाचंही साल. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आजच्या वाशीमला राजधानी असलेल्या घराण्याचा उलगडा प्रामुख्यानं त्यावरून झाला. दुसरा विंध्यशक्ती, त्याचा पिता सर्वसेन, आजोबा पहिला प्रवरसेन, ही वंशावळ त्या पत्र्यांवर कोरलेली आहे. ताम्रपट म्हणजे अखेर तांब्याचे पत्रेच. पत्रा दिसला की पुढं जाणाऱ्याच्या हाती ते कधीच लागले नसते.

तुलनेसाठी नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचा निधी घ्या. 1906 साली तिथं क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारलेला होता. एका राजानं दुसऱ्याचा पराभव केल्याची कथा नाण्याच्या पृष्ठावरच उमटली. चांदीचं ते नाणं आजचं कोणतंही यंत्र आनंदानं दाखवील. पण चांदीपुरतंच ऐकलं, तर सातवाहनांचा विजय कळतो आणि शेवट कळत नाही. यंत्राच्या आवडीनुसार लिहिलेला इतिहास असा अर्धाच राहतो.

आता कचऱ्यानं भरलेलं वावर सोडून देण्याचा सल्ला. आपल्याकडं जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि कसण्याच्या जमिनीला काळी. पांढरीच्या राखाडी मातीत शेकडो वर्षांचं माणसांचं जगणं साचलेलं असतं : खिळे, विळ्यांचे तुकडे, भांड्यांचे काठ, लोहाराच्या भट्टीची मळी. लोखंडाचा आवाज गाळला की त्याच्या शेजारचं नाणंही बहुतेकदा गिळलं जातं, कारण एकाच क्षणी वेटोळ्याखाली आलेल्या दोन वस्तूंचा प्रतिसाद मिसळून येतो. मग जिथं माणसं खरोखर राहिली, तीच जागा यंत्राला रिकामी वाटते. गोंधळ हा वस्तीचाच आवाज असतो. जिथं काहीच गोंधळ नाही, तिथं बहुधा कोणी राहिलंच नव्हतं.

खोलीचा नियमही इथं टिकत नाही. वाशीमची काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. भेगांत वरची माती पडते, पुढच्या पावसात खालची माती फुगून वर ढकलली जाते. कालचा खिळा खाली आणि दोन हजार वर्षांचं नाणं नांगराच्या तासात, असं घडू शकतं. शिवाय बेसाल्ट खडकातले लोहखनिजाचे कण यंत्राचा समतोल बिघडवतात, आणि एखादा काळा दगडच धातू असल्यासारखा बोलतो.

पण एवढं खंडन करून मी ‘मग प्रत्येक आवाज खणा’ असं म्हणत नाही. ते त्याहून वाईट होईल. ज्या मातीच्या थरात नाणं आहे, त्या थरावरून त्याचा काळ आणि संदर्भ कळतो. खड्डा पाडून ते उपटलं, की नाणं हातात राहतं आणि त्याची साक्ष संपते. म्हणून माझा पक्ष असा आहे : ऐकावं सगळं, खणावं फार कमी, आणि तेही परवानगीनं.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या 1876 च्या रणभूमीवर 1984 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांना मेटल डिटेक्टर घेऊन ओळीनं चालवलं. त्यांना मिळाल्या त्या बंदुकीच्या गोळ्या आणि रिकामी काडतुसं, म्हणजे शुद्ध कचरा. पण प्रत्येक तुकडा जिथं सापडला तिथंच नोंदवला गेला. काडतुसाच्या बुडावरचे बंदुकीच्या फायरिंग पिनचे ठसे जुळवून एकेक बंदूक मैदानात कशी सरकली, हे मांडता आलं. कचऱ्याला जागेची नोंद मिळाली आणि तो पुरावा झाला.

आपल्याकडं कायदाही याच दिशेनं बोट दाखवतो. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाली, की तिचं स्वरूप, ठिकाण आणि सापडल्याचा दिवस जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. त्या अटीतला ‘ठिकाण’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. कायदा निधी सापडलेल्या माणसाला चोर मानत नाही, निधीचा मालक कोणी निघाला नाही तर त्यात त्याचा आणि जमीनमालकाचा वाटा सांगतो. फक्त लपवणाऱ्याला तो शिक्षा करतो. शंभर वर्षांहून जुन्या नाण्याला 1972 चा पुरावस्तू कायदाही लागू होतो, आणि संरक्षित स्थळी परवानगीविना खणणं गुन्हा आहे. नांगरताना नाणी वर आली, तर ती तिथंच ठेवून फोटो काढावा, माती हलवू नये आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं. शेतकऱ्याला एवढं करता येतं, आणि ते पुरेसं असतं.

तऱ्हाळ्याची नाणी वितळवून भांड्याचा जोड झाली नाहीत, ती मिराशींच्या मेजावर पोचली, म्हणून कुंभ, कर्ण आणि शक यांची नावं आज आपल्याला उच्चारता येतात. त्या दिवशी ती हाती घेणाऱ्यांपैकी कोणी म्हटलं असतं, चांदी तर नाही, फेकून द्या, तर? यंत्राच्या एका खटक्यानं तेच म्हणण्याची सोय आज प्रत्येकाच्या हाती आली आहे. पुढच्या वेळी मंगरूळपीरच्या एखाद्या पांढरीवर यंत्र फिरेल, तेव्हा ती सोय बंद ठेवावी, आवाज ऐकावा, जागा टिपावी आणि जमीन जाणत्यांच्या हाती द्यावी.