घोटभर पाणी आणि 24 तास

दूषित पाणी पोटात गेल्यापासून पटकीची लक्षणे दिसायला कधी पाच दिवस लागतात, कधी बारा तासही पुरतात. हा घटनाक्रम अशाच एका झपाट्याच्या दुखण्याचा आहे. तास माणसागणिक पुढेमागे होतात, क्रम मात्र हाच. स्थळ: गंगेचा त्रिभुज प्रदेश, पटकीचे जुने माहेरघर.

24 तास आधी
तळ्याचे पाणी पोटात जाते. त्यातल्या व्हिब्रिओ कॉलरी जीवाणूंपाशी विषाची जनुके आहेत, पण ती बंद आहेत. एच-एनएस नावाचे प्रथिन त्या डीएनएवर ठाण मांडून बसले आहे.

23 तास आधी
जठरातले आम्ल. बहुतेक जीवाणू इथेच मरतात.

20 तास आधी
वाचलेले लहान आतड्यात उतरतात. इथे पित्त आहे. पित्तातली असंतृप्त मेदाम्ले टॉक्सटी या नियामक प्रथिनाला डीएनए धरू देत नाहीत. जीवाणू श्लेष्म्यातून वाट काढत आतड्याच्या भिंतीकडे पोहत राहतात.

16 तास आधी
सगळे ठरते ते इथे. भिंतीलगत पित्ताचा अंमल ओसरतो, बायकार्बोनेट टॉक्सटीला जोर देते. जीवाणूच्या आवरणात रुतलेली टॉक्सआर आणि टीसीपीपी ही प्रथिने मिळून टॉक्सटीचे जनुक चालू करतात. तयार झालेले टॉक्सटी एच-एनएसला हटवते आणि स्वतःचे उत्पादनही वाढवून घेते. मग एकमेकांना धरून वसाहत करायला लागणारे तंतू आणि विष, दोन्ही त्याच्याच हुकमाने बनू लागतात. या रोगातली सर्वांत भयंकर गोष्ट मला हीच वाटते: पाय रोवणे आणि विष सोडणे एकाच प्रथिनाच्या हाती आहे.

10 तास आधी
विष आतड्याच्या पेशींत शिरते. क्लोराइड बाहेर पडू लागते आणि त्यामागून पाणी. नुसते विषच पुरते, जीवाणूची गरज नाही, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी 1959 साली सशाच्या आतड्यावर सिद्ध केले. एवढ्या मोठ्या शोधानंतरही भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नाही. ही आपली लाजिरवाणी चूक होती.

6 तास आधी
तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. जोरात असले तर तासाला लिटरभर.

4 तास आधी
आतड्यात जीवाणूंची दाटी झाली आहे. परस्परांनी सोडलेल्या रासायनिक संदेशांवरून ती त्यांना कळते. आता हॅपआर हे प्रथिन वाढते, विषाचा हुकूम मागे घेते आणि भिंतीपासून सुटायला मदत करणारे विकर बनवायला लावते. जुलाबाबरोबर बाहेर पडलेले जीवाणू पुढचे काही तास अधिकच संसर्गक्षम असतात. हॅपआरने विष थांबवले तरी रोग्याची सुटका नाही, कारण पेशींत शिरलेले विष आपले काम करतच राहते.

0
डोळे खोल, लघवी बंद, नाडी लागत नाही. रक्तदाब कोसळतो.

हा शून्य टाळता येतो. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत नेणाऱ्या वाहकाला हे विष बंद पाडू शकत नाही. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर मीठ-साखरेचे पाणी पाजले. 20 ते 30 टक्क्यांवर असलेला मृत्युदर 4 टक्क्यांखाली आला.

जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. ते नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा, आणि पाजता पाजताच दवाखाना गाठा.