बोटीच्या दिवसाचं वेंगुर्ले

वेंगुर्ल्यात समोरच्या दाराने शिरायचं तर समुद्रातून यावं लागतं. आज तसं कोणी येत नाही. कुडाळला नाहीतर सावंतवाडीला रेल्वेतून उतरायचं, एसटी किंवा रिक्षा धरायची आणि मागच्या दाराने गावात यायचं. आधी काजूच्या बागा लागतात, मग बाजार, आणि बंदर सगळ्यात शेवटी, तेही वेळ उरला तर. माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लग्नाआधीच नोकरीसाठी मुंबईला आले आणि आयुष्य डोंबिवलीत गेलं. गावाची आठवण येते तेव्हा मला वाळू आणि सुरूची झाडं आठवत नाहीत. आठवतो तो बोटीचा दिवस, जेव्हा अख्खं गाव समुद्राकडे तोंड करून उभं असायचं.

माझे वडील बंदरावर बोटीच्या एजंटाकडे कारकून होते. तिकिटं फाडायची, सामानाच्या पावत्या करायच्या, बोटीची वेळ बाजारात कळवायची, ही त्यांची कामं. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं घेत घेत आमच्याकडे यायची आणि पुढे पणजीला जायची. वेळापत्रक कागदावर असायचं, पण खरी वेळ ठरवायचा तो दर्या. आमच्याकडे येईपर्यंत रात्र बरीच चढलेली असायची. भोंगा ऐकू आला की आजी अंथरुणातूनच म्हणायची, "बोट इली गे." मग घरोघरी कंदील लागायचे. ज्यांचं कोणी येणार नव्हतं तेसुद्धा उठायचे.

बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव तिच्याकडे जायचे. बोटीच्या अंगाला लावलेल्या शिडीवरून पडावात उतरणं हे एक कसबच होतं. लाटेबरोबर पडाव हातभर वर यायचा, लगेच तेवढाच खाली जायचा. वर येण्याच्या नेमक्या क्षणी पाय टाकायचा. तो क्षण तांडेल ओळखायचा, आणि त्याच्या तोंडून शब्द निघेपर्यंत शिडीवरच्या माणसाने हलायचं नाही. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, ओल्या बाळंतिणी, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांचे झाप असं सगळं त्याच्या शब्दावर उतरायचं. लहान मुलांना खलाशी सरळ उचलून एकमेकांच्या हातात द्यायचे. मीही तशी कित्येकदा हातोहात गेले आहे. त्या हातांना येणारा माशाचा आणि डांबराचा वास अजून माझ्या ओळखीचा आहे. या पडाववाल्यांचं नाव कुठल्याही इतिहासात नाही, आणि मला वाटतं वेंगुर्ल्याचा इतिहास खरं तर त्यांच्यापासूनच सुरू करायला हवा.

कारण हे गाव नावारूपाला आलं तेच मुळी जहाजांमुळे. १६३७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा वकील योहान व्हान ट्विस्ट विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला आणि त्यानंतर वेंगुर्ल्यात डचांची वखार उभी राहिली. जागा त्यांनी हिशेबाने निवडली होती. गोवा इथून हाकेच्या अंतरावर. पोर्तुगीजांची कोंडी करण्यासाठी गोव्याच्या मुखाशी ठाण मांडून बसलेल्या डच जहाजांना पाणी, धान्य, मांस हवं असे, आणि ते वेंगुर्ल्यातून मिळे. ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या इथे येऊन गेला. या बंदराचं आणि इथून मिळणाऱ्या रसदीचं त्याने मुद्दाम कौतुक केलं आहे. वखारीतले डच अधिकारी आसपासच्या राजकारणाच्या बातम्या सतत वरिष्ठांना लिहून पाठवत. शिवाजी महाराजांच्या काळातल्या घडामोडींसाठी इतिहासकार आज ती वेंगुर्ल्याची पत्रं वाचतात. ती वखार अजून आहे, पण छप्पर गेलेलं, भिंतींतून झाडं वाढलेली. आम्ही मुलं तिथे लपाछपी खेळायचो. तिचं नाव संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे, पण नुसत्या यादीने भिंती उभ्या राहत नाहीत. दर पावसाळ्यानंतर मी गावाला फोन केला की तिचं काय झालं हे विचारल्याशिवाय राहत नाही.

१८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे गेलं. बेळगावात त्यांची मोठी छावणी होती. तिथे जाणारे सैनिक, साहेब आणि त्यांचं सामान आमच्या बंदरावर उतरायचं आणि घाट चढायचं. गावातल्या एका भागाला आजही कॅम्प म्हणतात. घाटावरून खाली यायचा तो कापूस. आधी रामघाटाच्या अवघड वाटेने बैलांच्या पाठीवरून यायचा, पुढे आंबोलीचा गाडीरस्ता झाल्यावर बैलगाड्यांच्या रांगांनी. तो जहाजांत भरून मुंबईला जायचा. आजीच्या आजेसासऱ्यांची बंदरावर गाडीवाल्यांसाठी खाणावळ होती असं घरात सांगत. गाडीवान कानडी बोलायचे, म्हणून घरातल्या बायकांनाही जेवणापुरती कानडी यायची. देशावरच्या बेळगावशी आमचा घरोबा मुंबईपेक्षा जुना आहे.

मग १८८८ मध्ये मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकचा घाट चढून जाणारी रेल्वे झाली आणि लोंढ्यापाशी दक्षिण मराठा रेल्वेला मिळाली. कापूस त्या वाटेने समुद्राला जाऊ लागला. त्या वेळी वेंगुर्ल्याला ना कुणी लुटलं ना जाळलं. मालाची वाट वळली एवढंच झालं. गाड्या कमी झाल्या, गाडीवान येईनासे झाले, खाणावळ बंद पडली. बंदर मात्र चालू राहिलं, कारण माल गेला तरी एक गोष्ट मुंबईला पाठवायची उरली होती. ती म्हणजे माणसं.

चाकरमानी हा आमच्या किनाऱ्याचा नवा माल होता, असं म्हणताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे. गिरणगावातल्या खोल्यांत एकाच गावचे वीस-वीस जण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे आणि महिन्याला मनिऑर्डर पाठवायचे. त्यांची ने-आण करणाऱ्या बोटी आधी बहुतेक बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या. पुढे देशी भांडवलाची इंडियन को-ऑपरेटिव्ह कंपनी निघाली आणि तिने आपल्या बोटींना 'तुकाराम', 'रामदास' अशी संतांची नावं दिली. लोक तिला आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. त्या आपुलकीची फार मोठी किंमत मोजावी लागली. १९२७ च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हती, त्यामुळे मुंबईला खबर पोचायलासुद्धा कित्येक तास लागले. 'रामदास' आमच्या मार्गावर नव्हती. तरीही वेंगुर्ल्यात तो दिवस कुणी विसरलं नाही. पुढे कितीतरी वर्षं माझे वडील मुंबईला निघाले की आजी बंदरापर्यंत यायची आणि बोट दिसेनाशी झाल्याशिवाय परतायची नाही.

मी ज्या बोटींतून प्रवास केला त्या 'रोहिणी', 'चंद्रावती', 'कोकणसेवक'. डेकवर चटई अंथरून जागा धरायची, आवळासुपारी तोंडात ठेवायची आणि पोट ढवळलं की डोळे मिटून पडायचं. मुंबईकडे जाताना उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकी सुंगटं, फणस. येताना कपड्याचे तागे, नानकटाई, ट्रान्झिस्टर. रत्नागिरीला रात्रीच्या अंधारात दीपगृहाचा झोत फिरायचा. मालवण सोडल्यावर आमची माणसं उठून बसायची. काही मैल आत समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक आहेत. इंग्रजी नकाशांत त्यांना जळकी बेटं म्हटलं आहे आणि त्यांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. त्या खडकावरचा दिवा दिसला की डेकवर एकदम बोलणं वाढायचं. मालवणीतून. दिवसभर मुंबईची मराठी बोलणारे लोकसुद्धा त्या दिव्यापाशी आपल्या बोलीत यायचे.

मे संपत आला की बंदर बंद. पडाव वर ओढून झापांनी शाकारायचे, आणि जून ते ऑगस्ट समुद्र नुसता गर्जत राहायचा. गणपती लवकर आले तर चाकरमान्यांना कोल्हापूरपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी असा वळसा पडायचा. त्या तीन महिन्यांत गावाचं तोंड घाटाकडे वळायचं. मला लहानपणी तो काळ परका वाटे. आज वर्षाचे बाराही महिने तसेच आहेत.

बोटी कधी बंद झाल्या? एका दिवसात नाही. रस्ते सुधारले, खेड्याखेड्यातून मुंबईची एसटी सुटू लागली, बोटीच्या फेऱ्या कमी होत गेल्या आणि १९८० च्या दशकात प्रवासी बोट वेंगुर्ल्याच्या आयुष्यातून निघून गेली. माझे वडील तोवर निवृत्त झाले होते. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, पण तिचा रूळ वेंगुर्ल्याला शिवत नाही. १८८८ मध्ये रेल्वेने गावाला एकदा वगळलं होतं, एकशे दहा वर्षांनी दुसऱ्यांदा वगळलं. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. रेल्वेने माझं माहेर एका रात्रीवर आणलं आणि आई आजारी असताना त्या गाडीने मला वेळेत पोचवलं. तरी गावाला जन्म देणारी वाट बंद झाली, तिच्याबद्दल कुणीतरी शोक करायला हवा. तो मी करते.

गाव मेलेलं नाही, हेही मोठ्याने सांगायला हवं. बोटींची वर्दळ कमी होत होती त्याच काळात गावच्या फळ संशोधन केंद्रातून काजूच्या नवनव्या जाती बाहेर पडत होत्या. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं आज गोवा-कर्नाटकापर्यंत लागली आहेत. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' आंबा इथूनच आला. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. कवी मंगेश पाडगावकर याच गावचे. नवाबागेच्या आणि उभादांड्याच्या किनाऱ्यावर आजही रापण ओढली जाते. मैलभर लांब जाळं, दोन्ही दोरांना माणसं, आणि मासळीचे ठरलेले वाटे. ओढायला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही वाटा मिळतो. यांत्रिक बोटींच्या जाळ्यांनी रापणीचा घास पळवला आहे, पण ती पद्धत टिकावी असं मला मनापासून वाटतं, कारण बंदर गेल्यावर समुद्राशी असलेलं गावाचं सामायिक नातं तिथेच शिल्लक आहे.

वडिलांनी नोकरीच्या काळात स्वतःसाठी काही वह्या लिहिल्या होत्या. बोटीचं नाव, नांगर पडल्याची वेळ, किती चढले, किती उतरले, पडाव किती, दर्या कसा. त्या वह्या माझ्याकडे आहेत. पानं चाळताना एक गोष्ट ठळक दिसते. गणपती-शिमग्याला आणि मे महिन्यात उतरणाऱ्यांचा आकडा फुगतो, पण वर्षाची बेरीज केली की चढणारे नेहमी थोडे जास्त निघतात. दरवर्षी थोडी थोडी अशी माणसं गेली. त्यात मी आहे, माझे दोन्ही भाऊ आहेत, शाळेतला अर्धा वर्ग आहे.

चुलतभावाचा परवा फोन आला होता. "अक्का, तू कधी येतलंस? वह्यो घेवन ये." गावातलं वाचनालय त्या ठेवून घ्यायला तयार आहे. माझी एकच अट मी त्याला सांगितली. वह्या कपाटात कुलूपबंद ठेवायच्या नाहीत. मे महिन्यात आलेल्या कुणाही चाकरमान्याच्या नातवाला, आपले आजोबा कुठल्या बोटीने गेले असतील हे शोधायचं असेल, तर त्याला टेबलावर बसून त्या चाळता आल्या पाहिजेत.