आखेनचा उलटा हिशेब

घरावर सौर पॅनेल बसवायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो : पैसे किती वर्षांत वसूल होणार? १९९०च्या सुमारास जर्मनीत याचे प्रामाणिक उत्तर होते, कधीच नाही.

१९९० मध्ये तिथल्या सरकारने ‘हजार छपरे’ योजना आणली. पॅनेलच्या किमतीवर घसघशीत अनुदान होते, दोन हजारांवर छपरे सजली. पण ग्रिडला दिलेल्या विजेचे युनिटमागे जेमतेम सतरा फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क) मिळत आणि ती तयार करायला दोन मार्कांच्या आसपास खर्च येई. हौसेचाच मामला!

आखेन शहरातले माजी सैनिकी अधिकारी वोल्फ फॉन फाबेक यांनी हा हिशेब उलटा मांडला. वीज बनवायला जेवढा खर्च, तेवढा दर द्या. वीस वर्षांच्या हमीने. बरीच भांडणे होऊन १९९५ मध्ये शहरात हे लागू झाले. सगळ्यांच्या बिलात किंचित वाढ करून पैसा उभा राहिला.

२००० च्या कायद्याने ही कल्पना देशभर नेली : युनिटला ९९ फेनिग. छपरे भराभर निळी झाली. मात्र स्वतःचे छप्पर नसलेला भाडेकरूही या दरासाठीचा अधिभार बिलातून भरत राहिला. हा अन्यायच होता. अधिभार २०२२ मध्ये रद्द झाला.

जर्मन छपरांच्या मागणीवर चीनचे कारखाने फोफावले आणि पॅनेल कमालीचे स्वस्त झाले. त्या स्वस्ताईमुळेच आज नाशिक-सांगलीतल्या तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान मोठा आधार ठरते.