जड नाकाची कुळकथा

दोरीवर उडणाऱ्या विमानाचं नाक जड असणं हा सुरुवातीला दोष नव्हता. विमानं हवेत कोलांट्या मारायला लागली तेव्हा तो दोष ठरला. शिकाऊ मुलाच्या पहिल्या मॉडेलसाठी जड नाक आजही चांगलंच समजतात. तोच मुलगा लूपच्या मागे लागला की त्याच जड नाकावर सगळे तुटून पडतात.

नाकाचं हे कूळ शोधायचं तर पॅरिसला जावं लागतं. ऑगस्ट १८७१ मध्ये अल्फाँस पेनोने त्विलेरी बागेत रबराच्या पिळावर चालणारं १६ ग्रॅमचं विमान उडवलं. ते ११ सेकंदांत ४० मीटर गेलं. पंखामागे एक लहानसं आडवं शेपूट होतं आणि त्याचा कोन पंखापेक्षा कमी होता. पुढचं वजन नाक खाली ओढतं, शेपूट मागची बाजू खाली दाबतं आणि या ओढाताणीत विमान स्वतःला सावरतं. विमानाचा गुरुत्वमध्य पुढे का हवा, याचं उत्तर या खेळण्यात होतं.

पेनोच्याच धर्तीचं रबरावर उडणारं हेलिकॉप्टर १८७८ मध्ये मिल्टन राईट यांनी आपल्या दोन धाकट्या मुलांना आणून दिलं. पुढे या राईट बंधूंनी माणूस नेणारं विमान केलं, पण आडवं पातं मागे न लावता पुढे लावलं, आणि त्यांचं विमान शेपटीकडे जड निघालं. १९०४ मध्ये डेटनजवळच्या हफमन प्रेअरीवर ते वर-खाली इतके हेलकावे खायला लागलं, की त्यांनी पुढच्या पात्याखाली ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो लोखंड बांधलं. शिशाचा तुकडा चिकटवताना ओशाळणाऱ्या मॉडेलवाल्यांनी हे लोखंड आठवावं.

दोरी आली १९३० च्या दशकात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात ओबा सेंट क्लेअरने पंखात एक फिरती पट्टी बसवली. तिच्या दोन टोकांना दोन तारा आणि तारांच्या टोकाला उडवणाऱ्याच्या हातातली मूठ. मूठ कलली की पट्टी फिरते आणि शेपटीचं एलिव्हेटर वर-खाली होतं. या पट्टीला बेलक्रँक म्हणतात. त्याच राज्यातल्या जिम वॉकरने ही युक्ती ‘यू-कंट्रोल’ नावाने बाजारात आणली आणि तिचं पेटंट मिळवलं. लेरॉय कॉक्स या छोट्या इंजिनांच्या कारखानदाराबरोबर पुढे त्याचा खटला झाला. सेंट क्लेअरचं काम आधीचं असल्याचं पुढे आलं आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यावर ते पेटंट रद्द झालं. वॉकर धंद्यात हुशार होता, पण न्याय योग्य झाला असं मला वाटतं.

तारांमुळे तोलाचा अर्थच बदलला. मोकळं सोडलेलं मॉडेल नाकाकडे फाजील जड असेल तर सरळ जमिनीत घुसतं. तारेवरच्या मॉडेलला हाताचा आधार असतो. नवशिक्याचा हात घाबरून झटके देतो आणि जड नाक ते झटके पचवतं. शेपटीकडे जड झालेलं मॉडेल मात्र प्रत्येक झटका दुप्पट करून परत देतं, आणि दुसऱ्या उड्डाणाला सहसा शिल्लक राहत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कसरतींच्या स्पर्धा रंगल्या. चौकोनी लूप आले, इंग्रजी आठचे आकडे आले. जॉर्ज ऑल्ड्रिचच्या ‘नोब्लर’सारख्या मॉडेलमध्ये पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप एलिव्हेटरला जोडलेले होते. आता कोपरा झटकन वळायला हवा होता आणि जड नाक वळायला तयार नव्हतं.

आपल्याकडे ही विद्या मुख्यतः एनसीसीच्या वायुशाखेतून पसरली. एनसीसीचा कायदा १९४८ चा; वायुशाखा त्यानंतर लवकरच सुरू झाली. तिथे एरोमॉडेलिंग शिकवणाऱ्याच्या पदाचं नावच ‘इन्स्ट्रक्टर कम स्टोअरकीपर’ आहे. शिकवणारा आणि बाल्साच्या फळ्यांचा हिशेब ठेवणारा एकच! अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरातही कंट्रोल लाइनची, म्हणजे तारेवरच्या विमानांची, स्पर्धा असते. तोलाच्या या विद्येतलं निम्मं हैदराबादच्या मुलाला घरीच आलेलं असतं. संक्रांतीला धूलपेठेतला पतंग एका अंगाला कलला, तर हलक्या बाजूला चिंधी बांधायची हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. कंट्रोल लाइन मॉडेलच्या बाहेरच्या पंखाच्या टोकात शिसं घालतात तेही याच न्यायाने, कारण आतल्या पंखावर तारांचा भार असतो. इंजिनाचं खाद्यही इथलंच म्हणायला हरकत नाही. लहान डिझेल इंजिनं ईथर, रॉकेल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालतात, आणि नलगोंडा-महबूबनगर हा एरंडाचा जुना पट्टा आहे.

हेच इंजिन, अख्खं धातूचं, नाकावर बसतं आणि बांधणीतच मॉडेल पुढे झुकतं. मग काय करायचं? आधी थोडं थांबायचं. नुसत्या सांगाड्याचं नाक थोडं जड असायलाच हवं. वरून चढवलेला टिश्यू कागद, त्यावरचं डोप नावाचं रोगण, रंग आणि शेपटीच्या सांध्यांचा गोंद यांचा भार बहुतेक गुरुत्वमध्याच्या मागेच पडतो. तोल पाहायचा तो इंजिन, त्याचा पंखा (प्रोपेलर), चाकं, सगळं तात्पुरतं बसवून आणि टाकी रिकामी ठेवून. टाकी पुढे असते, म्हणून इंधन संपत आलं की मॉडेल सर्वात जास्त शेपटीकडे झुकतं. तीच कसोटीची वेळ.

एवढं करूनही नाक जडच निघालं तर हिशेब मांडावा. समजा, ६०० ग्रॅमच्या मॉडेलचा गुरुत्वमध्य हव्या त्या जागेपासून १२ मिलिमीटर पुढे आहे. ६०० गुणिले १२ म्हणजे ७२००. शेपूट त्या जागेपासून ४०० मिलिमीटर मागे असेल, तर तिथे १८ ग्रॅम हवेत. २०११ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं असतं, म्हणजे तीन नाणी. ती चिकटपट्टीने लावून खात्री करता येते. पण हे १८ ग्रॅम नंतर प्रत्येक वळणात ओढत न्यावे लागतात, तेही लांब टोकावर, जिथे वजन वळण्याला सर्वात जास्त विरोध करतं. त्याऐवजी १२० ग्रॅमचं इंजिन ६० मिलिमीटर मागे घेतलं तरी तेच ७२०० भरतात आणि वजन तसूभरही वाढत नाही. एवढी जागा क्वचितच मिळते. मग थोडं इंजिन मागे, थोडी टाकी मागे, पंखा हलका, आणि उरलंच तर शिसं. हे सगळं गोंद लावण्याआधी. इंजिनाला धरणारे दांडे एकदा पक्के झाले की हातात फक्त नाणी उरतात.

गुरुत्वमध्य हलला की पंखाच्या टोकाशी तारा जिथून बाहेर पडतात ती भोकंही तेवढीच हलवावी लागतात. तारांची ओढ गुरुत्वमध्याच्या किंचित मागून जायला हवी, म्हणजे नाक वर्तुळाच्या जरासं बाहेर राहतं आणि तारा ताठ राहतात. म्हणून जाणते बांधणारे तिथे सरकती पट्टी ठेवतात.