जागच्या जागी चढण



गावातले एखादे काका छातीत जड वाटते म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर कागदावर तीन अक्षरे लिहून देतात, टी.एम.टी., आणि जिल्ह्याच्या गावी पाठवतात. काका परत येऊन पारावर सांगतात, "छातीला तारा चिकटवल्या आणि सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. जरा कुठं पाय बसतोय, तोच पट्टा पुढून उचलला, वेगही वाढवला. अरे, आजारी माणसाला कुणी घाट चढायला लावतं का?" ऐकणारे माना डोलावतात. त्यांतल्या ज्याला हीच तपासणी सांगितलेली असते, तो मुकाट्याने जायचे रहित करतो.

काकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी या यंत्राची हकिकत पाहू या.

या यंत्राचा जन्म तुरुंगातला, बरं का! १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनियराने कैद्यांसाठी एक चाक तयार केले. पाणचक्कीच्या चाकासारखे, पण चांगले रुंद, आणि त्याच्या परिघावर पायऱ्या. कैद्यांनी समोरचा दांडा धरून रांगेने उभे राहायचे आणि पायरी चढायची. चढलेली पायरी खाली जाई आणि पुढची पायरी हजर होई. तासन् तास चढूनही माणूस तिथल्या तिथेच. १८२१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात असे चाक बसले आणि मग ते अनेक तुरुंगांत पसरले. कुठे त्यावर धान्य दळत, कुठे पाणी चढवीत, तर कुठे काहीच नाही, निव्वळ शिक्षा! १८९५ साली शिक्षा झालेला नामवंत लेखक ऑस्कर वाइल्ड याच्याही वाट्याला हे चाक आले होते. १८९८ च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये ही चाके बंद पडत गेली.

या चाकात क्रूरपणा नेमका कशात होता? चढणे आपल्यालाही नवे नाही. पण इथे पायरीची उंची ठरलेली आणि चाकाचा वेगही ठरलेला. तरुण असो, म्हातारा असो, कालच तापातून उठलेला असो, माप सर्वांना एकच. माणसाने चाकाप्रमाणे व्हायचे. चाक माणसाप्रमाणे होणार नाही.

तरीही याच चाकाकडे एका डॉक्टराने वेगळ्या नजरेने पाहिले. एडवर्ड स्मिथ यांनी १८५० नंतरच्या दशकात, या चाकावरील श्रमांनी श्वास आणि नाडी किती वाढते याची मापे घेतली. पुढे १८८९ साली बर्लिनचे नाथन झुंट्झ यांनी घोड्यांच्या श्रमाचा अभ्यास करण्यासाठी सरकता पट्टाच उभारला. श्रम मोजता येतात, ही गोष्ट अशी हळूहळू पक्की होत गेली.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. हृदयाचा विद्युत्‌आलेख काढण्याची विद्या विसाव्या शतकाच्या आरंभीच आली होती. पण तो आलेख रोग्याला निजवून काढीत, आणि निजलेल्या माणसाचे हृदय पुष्कळदा आपली खोड लपवते. बैल गोठ्यात उभा असताना त्याचा लंगडेपणा दिसत नाही, तसेच हे. म्हणून अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील डॉक्टर रॉबर्ट ब्रूस यांनी रोग्याला चालवून आलेख घ्यायचे ठरवले. तेथील विद्यापीठातले कारागीर वेन क्विंटन यांनी १९५०–६० च्या दशकात विजेवर चालणारा पट्टा बांधला. त्याचा वेग आणि चढ दोन्ही हवे तसे बदलता येत. १९६३ साली ब्रूस यांनी या तपासणीच्या पायऱ्या प्रसिद्ध केल्या.

असं पाहा. पहिली तीन मिनिटे ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ. म्हणजे शंभर पावले चाललात तर दहा पावलांइतके वर गेलात. पुढची तीन मिनिटे वेग ४ किलोमीटर, चढ १२ टक्के. त्यापुढची तीन मिनिटे वेग साडेपाच, चढ १४ टक्के. हिशेब केला तर या नऊ मिनिटांत माणूस सुमारे ७६ मीटर चढतो. म्हणजे कुतुबमिनारापेक्षा काकणभर जास्तच, आणि तेही खोलीतून बाहेर न पडता!

मग दोन्ही का वाढवायचे? नुसता वेग वाढवला तर वयस्क माणसाला धावावे लागेल. हृदयाची परीक्षा होण्याआधीच पाय अडखळतील आणि आलेखाच्या रेघाही हलतील. नुसता चढ वाढवला तर आधी पोटऱ्या भरून येतील. म्हणून दोन्ही बेताबेताने. चढाचा जोर आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक होता. विहिरीवर मोट होती तेव्हा भरलेली मोट ओढताना बैल धावेवरून उतरत, चढत नसत. अंगाचे वजन त्यांच्या मदतीला येई. चालणाऱ्याच्या बाबतीत चढावर तेच वजन उलटे वागते. ते उचलायला हृदयाला जास्त रक्त लोटावे लागते, आणि खोड असली तर ती तिथे दिसते.

तुरुंगातले चाक आणि दवाखान्यातला पट्टा यांत मोठा फरक आहे. इथे डॉक्टर शेजारी उभे असतात, डोळे आलेखावर असतात, आणि "आता पुरे" म्हणण्याचा हक्क चालणाऱ्याला असतो. छातीत दुखले, घेरी आली तर ते तत्काळ सांगावे. त्यात कमीपणा नाही.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विल्यम स्टॉब या अमेरिकन इंजिनियराने घरगुती यंत्र काढले, आणि आज ते व्यायामशाळांतून दिसते. त्यावर चालणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पहिली पाच मिनिटे सपाटीवर सावकाश चाला. मग वेग किंवा चढ, एका वेळी एकच वाढवा. दांड्याला लोंबकळू नका. तसे केल्यास चढ नुसता आकड्यात राहतो. नेहमीच्या व्यायामात दोन वाक्ये बोलता येतील इतकाच दम लागू द्या.

यंत्र नसले तरी बिघडत नाही. गुरुजी, मुलांना गावच्या टेकडीवर न्या. आधी सपाटीवर तीन मिनिटे चालवून नाडी मोजायला लावा, मग विश्रांती देऊन तितकाच वेळ चढावर चालवून मोजा. दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. चढ म्हणजे काय, हे मुले आपणच सांगतील.

आणि पारावरच्या काकांना सांगा, "घाट चढायला लावला तो शिक्षेसाठी नव्हे, काका. खरा घाट चढताना दगा होऊ नये म्हणून." ज्यांनी जायचे रहित केले असेल त्यांनीही जाऊन यावे, ही विनंती.