फ्रीजच्या पाठीमागचा इतिहास

मे महिन्यात रोह्याजवळ वरसेच्या घरी आमचा फ्रीज गार होईना. "गॅस गेला असेल, नळी कापून बघू," बाबा म्हणाले. मी आधी लेबल वाचलं: आर-६००ए.

इथे इतिहास कामाला आला. सुरुवातीच्या फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू असत. १९३०च्या सुमारास फ्रेऑन आला. तो विषारी नाही, पेटतही नाही. बाबांचा हात बसला तो अशाच फ्रीजवर. पण त्याने ओझोनचा थर विरतो, म्हणून १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. पुढे आलेला आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. गळला आणि ठिणगी पडली, की पेटणार!

मग प्लग काढून कॉइलवरची धूळ झाडली, दाराचं रबर पुसलं. रात्री बर्फ जमला. नसता जमला, तर मेकॅनिक. नळीला हात लावायचा नाही, हे आता बाबाच सगळ्यांना सांगतात.