जॉर्जचं नाव घेताय? मग पूर्ण घ्या

आपल्याकडे सध्या प्रवेशांचा हंगाम आहे. शाळा-कॉलेजचे नव्हेत, पक्षप्रवेश. सकाळी एका पक्षाचं उपरणं, संध्याकाळी दुसऱ्याचं. मागच्या आठवड्यात अशाच एका सोहळ्याला बातमीसाठी गेलो होतो. कुणाचा, कुठल्या पक्षाचा ते सोडा. नाव लिहिलं की मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि भांडण सुरू होतं. तिथे एका वक्त्याने सांगितलं की पक्ष बदलणं काही नवीन नाही, जॉर्ज फर्नांडिसांसारख्या मोठ्या माणसाने किती पक्ष बदलले, मग आमच्या भाऊंनी बदलला तर काय बिघडलं? टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत पंचविशीतली पोरं जास्त होती. जॉर्ज कोण हे त्यातल्या कितींना ठाऊक असेल, शंका आहे. म्हणून हे लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

जॉर्जचा जन्म 3 जून 1930 चा, मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबातला. सहा भावांत थोरला. घरच्यांनी पाद्री व्हायला बंगळूरच्या सेमिनरीत पाठवला. तिथे गुरूंचं जेवण वेगळं, शिकणाऱ्या मुलांचं वेगळं, बसायच्या जागासुद्धा वेगळ्या. हे काही पटलं नाही, पोरगा बाहेर पडला. त्याने आयुष्यात सोडलेली पहिली संस्था ही, पक्ष नव्हे.

नंतर मुंबई. खिशात काही नाही, फुटपाथवर झोपायचं. एका वर्तमानपत्रात प्रूफरीडरची नोकरी मिळाली. मग गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो भेटले, राममनोहर लोहियांचे विचार भेटले आणि माणूस कामगार चळवळीचा झाला. 1958 साली डिमेलो गेले आणि भार जॉर्जवर आला. गोदी, महापालिका, हॉटेल, टॅक्सी. ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांच्या युनियन बांधल्या. कामगारांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून 1968 साली कामगारांची सहकारी बँक काढली. 'बंद सम्राट' हे नाव याच काळातलं. मराठी अस्खलित बोलायचे. आपल्याकडच्या कित्येक घरांतले आजोबा-काका तेव्हा मुंबईत गोदीत नाहीतर महापालिकेत कामाला होते. त्यांच्या तोंडी 'फर्नांडिस साहेब' नसायचं, नुसतं 'जॉर्ज' असायचं.

1967 ची लोकसभा निवडणूक. दक्षिण मुंबईत काँग्रेसचे स. का. पाटील. तीन वेळा मुंबईचे महापौर, केंद्रात मंत्री, मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा. आणि हे गृहस्थ मूळचे आपले सिंधुदुर्गातले. मालवणच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच. समोर संयुक्त समाजवादी पक्षाचा सदतिशीही न गाठलेला जॉर्ज. पाटील हरू शकतात हे मुळात लोकांना पटवायचं होतं, आणि सगळा प्रचार त्यावरच झाला. पाटील हरले.

यातली एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही. पाटील त्या वेळी देशाचे रेल्वेमंत्री होते. आपल्या मातीतला माणूस रेल्वेमंत्री होऊन गेला, आणि गाडी आपल्यापर्यंत आली नाही. ती पुढे कुणी आणली, त्याकडे येतोच.

1971 मध्ये इंदिरा लाटेत जॉर्ज हरले. पण पडून घरी बसले नाहीत. रेल्वे कामगारांच्या फेडरेशनचे अध्यक्ष झाले आणि 8 मे 1974 ला देशभरातला रेल्वे संप सुरू झाला. आठ तासांचा दिवस, बोनस, या मागण्या. सुमारे 17 लाख कामगार आणि 20 दिवस. सरकारने हजारोंना आत टाकलं, नोकऱ्या गेल्या, क्वार्टरमधून बायकापोरं बाहेर काढली. संप मोडला.

वर्षभराने आणीबाणी लागली. जॉर्ज भूमिगत झाले, वेष बदलून देशभर फिरले. जून 1976 मध्ये कलकत्त्याला पकडले गेले. बडोदा डायनामाइट कटाचा खटला भरला. भाऊ लॉरेन्सचा पोलिसांनी अमानुष छळ केला. याच प्रकरणात पकडलेल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी तुरुंगात खचल्या आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत वारल्या. 1977 ची निवडणूक जॉर्जनी बिहारच्या मुजफ्फरपूरमधून तुरुंगातूनच लढवली. बेड्या घातलेला हात वर केलेला त्यांचा फोटो, तोच प्रचार. तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. उद्योगमंत्री झाले. परकीय कंपन्यांना भारतातला हिस्सा कमी करायला लावणारा कायदा आधीच होता, तो त्यांनी राबवायला घेतला. कोका-कोला आणि आयबीएम देश सोडून गेल्या.

इथवरचा जॉर्ज सगळ्यांना आवडतो. आता पक्ष बदलण्याचा हिशेब मांडू.

त्यांनी खूप पक्ष बदलले असं म्हणतात. यादी खरोखरच लांब आहे: संयुक्त समाजवादी, समाजवादी, जनता, जनता (सेक्युलर), पुन्हा जनता, जनता दल, समता, जनता दल (युनायटेड), शेवटी अपक्ष. पण यातल्या बऱ्याच वेळा जॉर्जनी पक्ष सोडला नव्हता, पक्षच दुसऱ्यात विलीन झाला होता. 1977 चा जनता पक्ष, 1988 चं जनता दल, 2003 चं जनता दल (युनायटेड) ही विलीनीकरणं. समाजवाद्यांचं घर दर दहा वर्षांनी मोडायचं आणि पुन्हा बांधायचं, त्यात हा माणूस भाडेकरूसारखा सामान घेऊन फिरला. आपण होऊन घर सोडलं ते 1979 ला, 1994 ला आणि 2009 ला. विचार करायचा तो या तीन वेळांचा.

1979. जनता पक्षात भांडण होतं दुहेरी सदस्यत्वाचं. जनसंघातून आलेल्यांनी पक्षात राहून संघाचंही सदस्य राहायचं का? जुलैमध्ये मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव आला. जॉर्जनी लोकसभेत सरकारची बाजू अशी मांडली की विरोधक गप्प झाले. आणि त्यानंतर काही दिवसांतच मंत्रिपदाचा राजीनामा देऊन चरणसिंगांच्या बाजूला गेले. मधू लिमयेंच्या आग्रहामुळे गेले असं सांगतात. कारण काहीही असो, ज्या जिभेने सरकार वाचवलं तीच माणसं आठवड्याभरात पलीकडे दिसली, हा डाग त्यांच्यावर कायमचा बसला. मित्रांनीसुद्धा तो पुसला नाही.

1994. बिहारमध्ये लालूप्रसादांचा शब्द म्हणजे पक्ष, अशी अवस्था झाली होती. जॉर्ज आणि नितीशकुमार बाहेर पडले, समता पक्ष काढला. 1995 च्या विधानसभेला स्वबळावर लढले आणि सात जागा आल्या. एकट्याने भागत नाही हे कळलं. 1996 मध्ये भाजपशी हातमिळवणी केली. संघाच्या सदस्यत्वावरून सरकार पडलं त्या भांडणात जो माणूस संघाच्या विरोधात उभा होता, तोच पुढे भाजपच्या आघाडीचा निमंत्रक झाला, 1998 पासून वाजपेयींचा संरक्षणमंत्री झाला. अण्वस्त्रांना विरोध करत आलेला समाजवादी मे 1998 मध्ये पोखरणच्या वेळी संरक्षण खात्यात बसलेला होता.

ते मंत्री म्हणून वाईट होते असं मी म्हणणार नाही. सियाचेनला इतक्या वेळा जाणारा दुसरा संरक्षणमंत्री झाला नाही. जवानांच्या बर्फावरच्या गाड्यांची फाइल अडवणाऱ्या बाबूंना त्यांनी सियाचेनला पाठवलं होतं, म्हणजे फाइल कशाची आहे ते कळेल. दिल्लीतल्या बंगल्याचं गेट काढून टाकलेलं, आत ब्रह्मदेशातून पळून आलेली विद्यार्थी पोरं राहायची. कपडे स्वतः धुवायचे. 2001 मध्ये तहलकाच्या छुप्या कॅमेऱ्याचं प्रकरण झालं, राजीनामा द्यावा लागला, काही महिन्यांत परत आले. कारगिलच्या शवपेट्यांवरून आरोप झाले, पुढे सीबीआयच्या आरोपपत्रात त्यांचं नाव नव्हतं.

पण 30 एप्रिल 2002 चं लोकसभेतलं भाषण विसरता येत नाही. गुजरातच्या दंगलींवर चर्चा चालू होती. बायकांवर झालेल्या अत्याचारांबद्दल विषय निघाला, तेव्हा जॉर्ज उठून, असे प्रकार देशात पहिल्यांदा होत नाहीत, अशा अर्थाचं बोलले. सरकार वाचवायचं होतं. ज्याच्या भावाला कोठडीत मारलं, जिच्यासोबत लढला ती स्नेहलता तुरुंगाने संपवली, त्या माणसाच्या तोंडून हे निघालं. माझ्या मते जॉर्जची खरी हार ही. निवडणुकीतली पुढे आली.

ती 2009 ला आली. आजारपण होतं, स्मृती जात चालली होती. ज्या नितीशकुमारांना घेऊन समता पक्ष काढला, त्यांच्याच पक्षाने तिकीट दिलं नाही. जॉर्ज मुजफ्फरपूरमधून अपक्ष उभे राहिले. 1977 ला बेड्यांच्या फोटोवर तीन लाखांचं मताधिक्य देणाऱ्या गावात डिपॉझिट गेलं. त्याच वर्षी राज्यसभेवर पाठवले गेले, पण तोवर सगळं संपलं होतं. 29 जानेवारी 2019 ला गेले.

आता आपल्या गाडीकडे येऊ.

कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकरांनी आयुष्य घालवलं. बॅरिस्टर नाथ पै बोलत राहिले. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, त्यांनी काम पुढे रेटलं. पण गाडी रोह्याच्या खाली उतरेना. पैसा नाही, हे उत्तर ठरलेलं. डिसेंबर 1989 मध्ये व्ही. पी. सिंग सरकारात जॉर्ज रेल्वेमंत्री झाले आणि दंडवते अर्थमंत्री. सरकार एका बाजूला भाजपच्या आणि दुसऱ्या बाजूला डाव्यांच्या टेकूवर उभं. कधी पडेल सांगता येत नव्हतं. अर्थसंकल्पातल्या तुकड्या-तुकड्याच्या पैशांवर ही लाइन होणार नाही हे जॉर्जना कळलं. म्हणून वेगळं महामंडळ काढलं: रेल्वेचा 51 टक्के वाटा, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकचा 15, गोवा आणि केरळचे सहा-सहा, उरलेला पैसा रोखे काढून बाजारातून. ई. श्रीधरन यांना बोलावून प्रमुख केलं. 19 जुलै 1990 ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची नोंदणी झाली. मंत्री होऊन आठ महिनेसुद्धा झाले नव्हते. नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं, मंत्रिपद गेलं. पण महामंडळ पाडता येत नव्हतं. ते अशा पद्धतीने बांधलं होतं की मंत्री बदलला तरी काम थांबू नये. 26 जानेवारी 1998 पासून रोहा ते मंगळूर गाडी सुरू झाली.

तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याआधी मुंबई म्हणजे रात्रभर लाल डब्यात आदळत जाणं, घाटात उलट्या, पहाटे परळ. आज रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल किंवा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पार करताना कुणाला जॉर्ज आठवत नाहीत, आणि त्यात काही गैरही नाही. कोकण रेल्वेबद्दल आपल्या तक्रारी आहेत. जमिनी दिलेल्यांच्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या नाहीत, गाड्या आपल्या दारावरून न थांबता जातात. त्या खऱ्या आहेत, मीच त्यावर बातम्या केल्यात. पण गाडी आहे म्हणून थांबत नाही ही तक्रार आहे.

आता त्या वक्त्याला उत्तर.

जॉर्जनी 1979 ला पक्ष सोडला तेव्हा पक्षांतराचा कायदाच नव्हता. तो 1985 ला आला. आधी एक तृतीयांश फुटले तर चालायचं, 2003 च्या दुरुस्तीनंतर दोन तृतीयांश आणि विलीनीकरण, असा नियम झाला. कायदा कडक होत गेला तशा उड्या थांबायला हव्या होत्या. पण जून 2022 आणि जुलै 2023 मध्ये महाराष्ट्राने काय पाहिलं, ते तुम्हाला माहीत आहे. एकटा उडी मारायचा, आता घरच उचलून नेतात आणि चिन्हसुद्धा.

जॉर्ज आदर्श होते असं म्हणून ही पोस्ट मला संपवायची नाही. त्यांच्या आयुष्यावरून मला एवढंच दिसतं, की माणूस पक्ष बदलतो तेव्हा पक्षाबरोबर बोलणंही बदलायला लागतं. एकदा दुसऱ्याचं सरकार वाचवायची जबाबदारी अंगावर घेतली की मग 2002 सारखं भाषण करावं लागतं. ते कोणी बळजबरीने करून घेत नाही, हळूहळू आपणच करायला लागतो. आणि ज्यांच्या जोरावर मोठे झालो ते गोदीतले, रेल्वेतले लोक तोवर फार मागे राहिलेले असतात.

तरीही या माणसाच्या खात्यावर एक संप आहे, एक तुरुंग आहे, एक रेल्वे आहे. म्हणून त्यांच्या उड्यांचा हिशेब मांडण्यात अर्थ आहे. आमच्या भाऊंच्या खात्यावर काय आहे? नव्या पक्षात गेल्यावर त्यांनी वॉर्डातल्या पाण्याचं, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याचं, रुग्णालयातल्या रिकाम्या डॉक्टरांच्या जागांचं काय केलं, ते सांगा. आधी होते त्या पक्षात असताना काय अडलं होतं, तेही सांगा. मग जॉर्जचं नाव घ्या.

गोदीत, महापालिकेत, रेल्वेत ज्यांचे वडील-आजोबा होते, त्यांनी जॉर्जबद्दल घरात काय ऐकलंय ते इथे लिहा. 74 च्या संपात कुणाच्या घरची नोकरी गेली असेल तर तेही लिहा. त्या लोकांची नोंद आपल्या तालुक्यात कुठेच नाही.